वाचकांचे प्रश्न : पुढे धावणारा फुलबॅक मागे कच्चा असतो का?

पावसाळी शालेय स्पर्धा संपत आल्या की या सदराकडे येणाऱ्या टपालात बचावफळीविषयीची पत्रे वाढतात, असा गेल्या काही वर्षांचा अनुभव आहे. या वेळच्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गोष्टीभोवती फिरत होती : संधी दिसताच टचलाइन, म्हणजे मैदानाची बाजूची रेषा, धरून पुढे धावणारा फुलबॅक, म्हणजे बचावफळीतला कडेचा खेळाडू, बचावाच्या कामी किती भरवशाचा? म्हणून हे पान त्या एकाच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची आणि त्यांच्या संघांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून शाळेच्या संघात उजवा फुलबॅक म्हणून खेळतो. पुढे जाऊन तो कडेवरून गोलसमोर उत्तम क्रॉस देतो आणि संघाचे बरेच गोल त्याच्या पासवर होतात. मागच्या आठवड्यात मात्र संघ ३-२ असा हरला. तिन्ही गोल त्याच्या बाजूने झाले म्हणून सगळे खापर त्याच्यावर फुटले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तर कोणीतरी ‘पुढे वाघ, मागे शेळी’ असे लिहिले. तो बचावात खरोखरच कच्चा आहे का, हे आमच्यासारख्या फुटबॉल कधीच न खेळलेल्या माणसांनी कसे ओळखावे?
— एक आई, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : पत्रासोबत तुम्ही सामन्याचे मोबाइलवरचे चित्रीकरणही पाठवलेत, हे फार बरे केलेत, कारण नुसत्या ३-२ या आकड्यावरून अशा प्रश्नाचे उत्तर देता आले नसते. तिन्ही गोल मी चार-चार वेळा पाहिले. ते त्याच्या बाजूने झाले, हे खरे आहे; पण ते तीन वेगवेगळ्या जातींचे गोल आहेत आणि त्यांचा हिशेब एकाच खात्यात मांडणे त्या मुलावर अन्याय करणारे आहे.

पहिल्या गोलाच्या वेळी तुमचा मुलगा प्रतिस्पर्ध्यांच्या कॉर्नर फ्लॅगपासून पाच-सात पावलांवर होता. तो तिथे आपल्या मनाने गेला नव्हता. मैदानाबाहेरून येणारा ‘जा, जा’ हा मोठ्या माणसाचा आवाज चित्रीकरणात स्वच्छ ऐकू येतो. मधल्या फळीतल्या खेळाडूला नको त्या वेळी टाचेने पास देण्याची हौस आली, चेंडू गेला आणि पुढच्याच फटक्यात तो उजव्या बाजूच्या रिकाम्या पट्ट्यात येऊन पडला. पूर्ण मापाचे मैदान साधारणपणे ६८ मीटर रुंद असते आणि पेनल्टी बॉक्स ४०.३२ मीटर रुंद, म्हणजे बॉक्सच्या कडेपासून टचलाइनपर्यंत दोन्ही अंगांना जवळजवळ चौदा-चौदा मीटरचा पट्टा उरतो. फुलबॅक पुढे गेला की हा पट्टा ओस पडतो. तिथे परतायचे तर पन्नास मीटरला चांगल्या पळणाऱ्यालाही सहा-सात सेकंद लागतात आणि लांब मारलेला चेंडू तेच अंतर त्याच्या निम्म्या वेळात कापतो. काइल वॉकर या इंग्लंडच्या वेगवान फुलबॅकसारखा एखादा अपवाद सोडला, तर ही शर्यत फुलबॅकने हरायचीच असते. तेव्हा हा पहिला गोल भलत्या जागी चेंडू घालवणाऱ्याच्या आणि वेळेवर त्या पट्ट्याकडे न सरकलेल्या स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, नावावर घाला.

तिसरा गोल निम्मा त्याचा आहे. शेवटच्या पाच मिनिटांत तो चाळीस मीटर धावत माघारी आला, हे कौतुकाचे. पण आला तसाच, वेग न आवरता, विंगरच्या, म्हणजे कडेने चढाई करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या, अंगावर गेला. विंगरने चेंडू फक्त एक वीत बाजूला घेतला आणि तुमचा मुलगा त्याच्या शेजारून घसरत निघून गेला. दोन पावले अलीकडे थांबून त्याने नुसती वाट अडवली असती, तरी तोवर दुसरा मदतीला पोचला असता. दमलेल्या पायांनी घेतलेला हा निर्णय वयाबरोबर सुधारतो.

माझी खरी काळजी दुसऱ्या गोलाची आहे आणि नेमका त्याविषयी कोणी काही बोललेले दिसत नाही. त्या वेळी तो पुढे गेलेला नव्हता. तो आपल्या जागेवर, गोलच्या उजव्या खांबापासून चार मीटरवर, अगदी नियमाप्रमाणे उभा होता. चेंडू पलीकडच्या बाजूला होता आणि तो चेंडूकडे पाहत होता. पूर्ण सहा सेकंद तो चेंडूकडेच पाहत होता, मी मोजले. त्या सहा सेकंदांत त्याच्या पाठीमागून पांढऱ्या जर्सीतला एक किरकोळ अंगाचा मुलगा चालत, होय, चालतच, आत आला, त्याच्या पाठीआड क्षणभर थांबला आणि क्रॉस येताच पुढे सरकून त्याने चेंडू जाळ्यात ढकलला. तुमच्या मुलाला तो मुलगा दिसला, तो गोल झाल्यावर.

इथे २८ मे २०२२ ची रात्र आठवते. लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद यांच्यातला चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना पॅरिसमध्ये होता. आपल्याकडे तो रात्री साडेबाराला सुरू व्हायचा, तो अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला आणि डोळे ताणून बसलेल्यांना सबंध सामन्यात एकच गोल पाहायला मिळाला. ५९ व्या मिनिटाला माद्रिदच्या वाल्वेर्देने उजवीकडून चेंडू गोलसमोरून जोरात आडवा मारला आणि लांबच्या खांबापाशी विनिशियस ज्युनियरने तो आत घातला. त्याच्या पुढे, त्याला पाठ करून उभा होता लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-आर्नल्ड. २०१८-१९ च्या प्रीमियर लीगमध्ये १२ आणि त्याच्या पुढच्या मोसमात १३ गोलांसाठी अखेरचा पास देणारा हा उजवा फुलबॅक ‘पुढे जातो म्हणून मागे जागा सोडतो’ अशी टीका वर्षानुवर्षे ऐकत आला आहे. पण त्या रात्रीचा गोल पुढे गेल्यामुळे झाला नाही. तो माघारी आलेला होता, फळीत उभा होता. फक्त आपल्या खांद्यामागे काय चालले आहे, याची खबर त्याला नव्हती.

माझ्या मते आक्रमक फुलबॅकचा अस्सल कच्चेपणा हाच. पुढे जाताना सुटलेली जागा सगळ्या संघाने मिळून झाकायची असते, खांद्यामागचा माणूस मात्र त्याचा एकट्याचा. असे खेळाडू लहानपणी बहुतेक मधल्या फळीत किंवा विंगवर वाढलेले असतात. चेंडू जिकडे, नजर तिकडे ही त्यांची सवय असते आणि चढाई करताना ती फायद्याचीच ठरते. लांबच्या खांबापाशी तीच सवय घात करते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. पुढच्या सामन्यात चेंडू पलीकडच्या बाजूला असेल तेव्हा चेंडू पाहू नका, मुलाची मान पाहा. दर दोन-तीन सेकंदांनी ती मागे वळते का, एवढेच मोजा. वळत नसेल, तर घरच्या घरी एक सराव घेता येतो. सोसायटीचे पार्किंग रिकामे असले तरी पुरते. मुलाला मध्ये उभे करावे, वडिलांनी दहा पावलांवर चेंडू खेळवत राहावे आणि तुम्ही त्याच्या पाठीमागे इकडून तिकडे फिरत हाताची बोटे वर धरावीत. वडिलांच्या पायातून चेंडू सुटला की मुलाने आई कुठे आहे आणि किती बोटे वर आहेत, हे लगेच सांगायचे. चेंडू हवेत किंवा वाटेत असतो तेवढाच वेळ मागे पाहायला मिळतो, हे त्याला आठवडाभरात आपोआप कळेल.

आणि त्या व्हॉट्सॲप गटासाठी एक गोष्ट. प्रतिस्पर्धी संघाचा सर्वांत चपळ खेळाडू त्यांचा डावा विंगर होता, हे पहिल्या पाच मिनिटांतच दिसते. तोच मुलगा विसाव्या मिनिटापासून मध्यंतरापर्यंत स्वतःच्याच अर्ध्या भागात तुमच्या मुलाच्या मागे धावत होता, कारण तुमचा मुलगा सतत वर जात होता. तुमच्या संघाच्या गोलपासून साठ मीटरवर अडकवून ठेवलेला विंगर गोल करू शकत नाही. या बचावाची नोंद कोणी ठेवत नाही, कारण त्यात टॅकल नसते, घसरणे नसते, टाळ्याही नसतात.

प्रश्न : मी सत्तरच्या दशकात नाशिकमध्ये शालेय फुटबॉल खेळलो. आमच्या वेळी फुलबॅकने मध्यरेषा ओलांडली की मास्तर शिट्टी वाजवून त्याला माघारी बोलवत. फुलबॅकने गोल करायला जायचे, हे खूळ अलीकडच्या दूरदर्शनी फुटबॉलने आणले, असे वाटते. आपले मत काय?
— एक निवृत्त शिक्षक, पंचवटी

उत्तर : खूळ म्हणावे तर ते तुमच्या शाळकरी दिवसांहून जुने आहे. १९५८ च्या विश्वचषकात ब्राझीलचा डावा फुलबॅक निल्टन सांतोस ऑस्ट्रियाविरुद्ध पुढे जाऊन गोल करून आला होता. १९७० च्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्धचा चौथा गोल उजवा फुलबॅक कार्लोस अल्बेर्तोचा होता. साठच्या दशकातला इंटर मिलान हा संघ बचावाच्या कडेकोट कुलपासाठी ओळखला जाई. त्याच संघाचा डावा फुलबॅक जाचिंतो फाकेत्ती याने इटलीच्या लीगमध्ये ५९ गोल केले. आणि १९६७ च्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्यात इंटरचे हे कुलूप स्कॉटलंडच्या सेल्टिकने उघडले, तेही फुलबॅकच्याच किल्लीने : उजव्या फुलबॅकने पास दिला आणि डाव्या फुलबॅकने, टॉमी गेमेलने, बरोबरीचा गोल मारला. सामना सेल्टिकने २-१ असा जिंकला.

तुमच्या मास्तरांची शिट्टी मात्र मी चुकीची म्हणणार नाही. ज्या संघात मागे कोण थांबणार हे ठरलेले नसते, तिथे फुलबॅकला थांबवून ठेवणेच शहाणपणाचे. कबड्डीत कोपरारक्षक बाद होऊन बाहेर गेला, तरी त्याच्या जागेवरून साखळी कशी सरकायची हे उरलेल्यांना माहीत असते. तुमच्या वेळच्या फुटबॉल संघांना ते कोणी शिकवले नसावे, एवढेच.

प्रश्न : मी मुलींच्या सतरा वर्षांखालील संघाला शिकवते. आम्ही ४-३-३ (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन) खेळतो आणि माझ्या दोन्ही फुलबॅकना पुढे जायला आवडते. दोघींना एकाच वेळी सोडावे का? त्या गेल्यावर मागे कव्हर नेमका कोणी द्यायचा?
— एक प्रशिक्षिका, देवळाली कॅम्प

उत्तर : सतरा वर्षांखाली दोघींना एकाच वेळी सोडू नये, असे माझे मत आहे. उजवी गेली की डावीने आत सरकून दोन्ही स्टॉपरच्या रांगेत उभे राहावे, म्हणजे मागे तिघी उरतात, आणि मधल्या फळीतल्या एकीने त्या तिघींच्या पुढे जागा धरावी. प्रतिस्पर्धी दोन पुढे ठेवतात तेव्हा या चौघी पुरेशा होतात.

मोठ्या संघांनी दोघांना सोडले, पण त्याची किंमत दुसरीकडे मोजून. २००२ च्या ब्राझीलकडे उजवीकडे काफू आणि डावीकडे रोबेर्तो कार्लोस होते आणि दोघेही विंगरसारखेच खेळत. त्यासाठी प्रशिक्षक स्कोलारीने मागे तीन सेंटर बॅक (स्टॉपर) आणि त्यांच्यापुढे मधल्या फळीतला गिल्बेर्तो सिल्वा ठेवला होता. सात सामन्यांत त्या संघावर चारच गोल झाले. लिव्हरपूलमध्ये अलेक्झांडर-आर्नल्ड वर गेला की जॉर्डन हेंडरसन उजवीकडे उतरून त्याच्या मागची जागा धरी आणि फाबिन्यो मध्ये थांबे. याउलट ८ जुलै २०१४ ला बेलो होरिझोन्तेत काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. जर्मनीने २३ व्या ते २९ व्या मिनिटांत ब्राझीलवर चार गोल केले आणि सामना ७-१ असा संपला. दुसऱ्या दिवशी बोल ब्राझीलचा डावा फुलबॅक मार्सेलोला लागले, कारण त्याची बाजू उघडी दिसत होती. पण तो सामना पुन्हा पाहा : मधली फळी जागेवर नव्हती, निलंबित स्टॉपर थियागो सिल्वाच्या अनुपस्थितीत फळीला सांभाळून घेणारे कोणी नव्हते आणि दुसरा स्टॉपर दाविद लुईस वारंवार आपली जागा सोडून पुढे येत होता. अशा घरात फुलबॅक दाराशी उभा राहिला असता, तरी चोर खिडकीतून आलेच असते.

कव्हरइतकाच महत्त्वाचा आणखी एक मुद्दा तुमच्या पत्रात नाही. चेंडू हरवला की वर गेलेल्या फुलबॅकने काय करायचे, हे मुलींना कोणी सांगितले आहे का? बहुतेक जणी घाबरून लगेच पाठ फिरवून गोलकडे पळत सुटतात. वास्तविक त्या क्षणी ती चेंडूच्या सर्वांत जवळ असते. तिने पहिले तीन-चार सेकंद चेंडूवाल्या मुलीच्या अंगावर जाऊन तिला मान वर करू देऊ नये. लांब पास द्यायला मान वर करावीच लागते. तेवढ्या अवधीत मागच्या तिघी सावरतात. चेंडू तिच्यापासून दहा मीटरहून लांब गेला असेल, तरच पळावे, आणि पळताना टचलाइनच्या कडेने न जाता तिरके, आपल्या गोलच्या जवळच्या खांबाच्या रोखाने पळावे. कडेकडेने परतणारी फुलबॅक विंगरच्या मागून धावत राहते. तिरकी परतणारी तिच्या वाटेत येते.

ऑफसाइडचेही (पास सुटताना प्रतिस्पर्धी खेळाडू आपल्या बचावफळीच्या पलीकडे असण्याचे) एक सांगून ठेवतो. वरून परतलेली फुलबॅक दमलेली असते आणि फळी पुढे सरकते तेव्हा ती दोन पावले मागे राहते. तेवढ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या सगळ्या पुढच्या खेळाडू ऑनसाइड होतात. फळीला ‘बाहेर’ असा आवाज स्टॉपरने द्यावा, पण फुलबॅककडे बघून द्यावा.

प्रश्न : सर, मी सतरा वर्षांचा आहे. गेल्या वर्षापर्यंत मी डावा विंगर होतो, या वर्षी सरांनी मला डावा फुलबॅक केले. ओव्हरलॅप (कडेने विंगरला ओलांडून पुढे धावणे) चांगला जमतो, पण चपळ विंगर समोर आला की मी हमखास चकतो. उंचीही पाच फूट पाच इंचच आहे, त्यामुळे मागच्या खांबावर हेडर मिळत नाही. मी परत विंगवर जाऊ का?
— एक खेळाडू, नाशिक रोड

उत्तर : लगेच जाऊ नकोस. गोव्याचा मंदार राव देसाई डावा विंगर होता. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराने त्याला एफसी गोवामध्ये डावा फुलबॅक केले आणि पुढे २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगचे शील्ड आणि करंडक असे दोन्ही जिंकणाऱ्या मुंबई सिटीच्या संघातही तो होता. विंगरने फुलबॅक होण्यात एक मोठा फायदा असतो : समोरचा विंगर आता काय करणार, हे तुला त्याच्या आधी कळते, कारण कालपर्यंत तू तेच करत होतास. तो फायदा तू वापरत नाहीस, कारण चेंडू काढून घेण्याची तुला घाई असते.

समोरासमोर छाती करून उभा राहू नकोस. एक पाय पुढे, एक मागे, गुडघे थोडे वाकलेले, अंग तिरके, आणि नजर चेंडूवर. विंगरच्या खांद्यांवर आणि कमरेवर विश्वास ठेवू नये. ते फसवण्यासाठीच हलतात, हे तुला सांगायला नको. अंतर इतके ठेव की हात लांब केला तर बोटे त्याला लागतील न लागतील. त्याला टचलाइनकडे वळव. तिथे त्याला एकच बाजू उरते आणि ती रेषा तुझ्यासाठी दुसरा बचावपटू असते. समोरचा डावखुरा असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण आत वळला की तो आपल्या चांगल्या पायावर येतो. मार्च २०२५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या बाद फेरीत पॅरिस सेंट-जर्मेनचा डावा फुलबॅक नुनो मेंडेस लिव्हरपूलच्या मोहम्मद सालाहसमोर कसा उभा राहिला, ते शोधून पाहा. त्या मोसमात सालाह गोलांची रास लावत होता; या दोन सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही. मेंडेसने त्याला आत वळायची वाट फार थोड्या वेळा दिली आणि उतावीळ होऊन तो क्वचितच घसरत चेंडूवर गेला. हाच मेंडेस चेंडू मिळाला की सरळ वर धावत होता.

उंचीचे म्हणशील, तर मागच्या खांबावर हेडर जिंकणे हे तुझे काम धरू नकोस. समोरच्याला मोकळी उडी मिळू न देणे, एवढे धर. चेंडू यायच्या आधी त्याच्या आणि गोलच्या मध्ये उभा राहा, पाठीने किंवा खांद्याने त्याला टेकून राहा आणि त्याच्यापेक्षा क्षणभर आधी उडी घे. हात वापरू नकोस, पेनल्टी जाईल. टेकून राहण्यात आणखी एक सोय आहे : तो मागे कुठे आहे, हे पाहायला मान वळवावी लागत नाही, पाठीलाच कळते. त्याने तुला सोडून दूर सरकायला सुरुवात केली की मात्र लगेच मान वळव.

आणखी एक, तुझ्या पत्रात ओझरता आलेला उल्लेख. पावसात तू जास्त चकतोस, असे लिहिले आहेस. आपल्याकडच्या बऱ्याच मैदानांची माती काळी आणि चिकण आहे. वीस मिनिटांत स्टडच्या मधल्या फटी भरून बुटाचा तळ सपाट होतो. पुढे सरळ धावताना ते फारसे जाणवत नाही, म्हणून ओव्हरलॅप जमतो. पण बचावात एका पावलात वळावे लागते आणि तिथे सपाट तळ घसरतो. खेळ थांबला की, थ्रो असो वा गोल किक, दोन्ही बूट टचलाइनच्या झेंड्याच्या काठीवर ठोकून घ्यायची सवय लाव. मध्यंतरात पाणी प्यायच्या आधी काडीने फटी साफ कर.